दिवा, पाटी आणि पाणी : महाड-पोलादपूरकडील आपल्या घरांचे जुने दिवस

आपल्या मंडळाच्या स्मरणिकेत महाड परिसराविषयी काही छापावयाचे ठरले की मुरारबाजी देशपांडे आणि चिंतामणराव देशमुख यांच्यावरचा मजकूर आधी जुळविला जातो. हे योग्यच आहे. 1665 साली पुरंदरावर देह ठेवणारा पुरुष आणि रिझर्व्ह बँकेचा पहिला भारतीय गव्हर्नर ज्या चांद्रसेनीय कायस्थ प्रभू ज्ञातीत जन्मले, तिने त्यांचे स्मरण करू नये तर कोणी करावे? तथापि दरवर्षी तीच दोन चरित्रे वाचून नव्या पिढीचा असा समज होऊ लागला आहे की, आपल्या मुलखात एक तर लढाया झाल्या, नाही तर परीक्षेत पहिले क्रमांक आले. मधल्या तीनशे वर्षांत आपली माणसे काय जेवत होती, मुले काय शिकत होती आणि पाऊस पडू लागला म्हणजे घरात काय चाले, याचा कोणालाच पत्ता नाही. म्हणून यंदा आम्ही वीरांना व विद्वानांना थोडे बाजूस ठेवून ओटीवर, माजघरात आणि पाणवठ्यावर वाचकांस नेणार आहोत. पाणवठ्यावरचा काही भाग सर्वांस सुखकर वाटेलच असे नाही.

प्रथम वाट सांगावयास हवी, कारण आजचा वाचक मुंबई-गोवे रस्त्याने मोटारीतून महाडास पोहोचतो आणि पोलादपूर त्याला आंबेनळी घाटाच्या पायथ्याचा चहाचा थांबा वाटतो. आमच्या आजोबांच्या काळी महाडची वाट पाण्यावरून होती. मुंबईस आगबोटीत बसावे, सावित्रीच्या मुखाशी यावे, तेथून खाडीने दासगाव बंदर गाठावे आणि पुढचे सुमारे पाच मैल बैलगाडीने किंवा पायी चालावेत, असा तो प्रवास असे. भरती असली तर लहान मचवे थेट महाडापर्यंत चढत. महाबळेश्वरी उन्हाळा काढावयास निघालेले साहेब लोकही याच मार्गाने दासगावी उतरून महाड, पोलादपूर आणि घाट असे वर जात. मुंबईत शिकणारा मुलगा दिवाळीस घरी यावयाचा तो बोटीने. मुलगी प्रथम सासरी जावयाची तीही बोटीने. आणि कोणी आजारी पडले तर मुंबईचे औषधही बोटीनेच यावयाचे. पावसाळ्यात बोटी बंद होत. मग आश्विनापर्यंत महाड हे एक बेटच झाल्यासारखे असे, आणि पोलादपूर तर बेटापलीकडचे बेट.

या बेटावर आपली घरे फार नव्हती. महाड शहरात एक दोन आळ्या, नात्यासारख्या गावांत काही कुटुंबे, पोलादपुराकडे तर हाताच्या बोटांवर मोजावीत इतकी. कोणी देशपांडेपणाचा, कोणी कुलकर्णाचा, कोणी खोतीचा हक्क सांभाळून होता. उरलेले मामलेदार कचेरीत कारकून, वकिलाकडे लेखक किंवा शाळेत मास्तर. सारांश, आपली ज्ञाती लेखणीवर जगत होती. जमीन कसणारा कुणबी, मराठा किंवा महार असे. त्या जमिनीचा कागद मात्र आपल्या माळ्यावरच्या दप्तरात रेशमी किंवा खारव्याच्या रुमालात बांधलेला असे. या एका वाक्यात आपल्या जुन्या सुखाचे मूळ आहे, आणि ते लपविण्याचे आम्हांस काही कारण दिसत नाही.

लेखणीवर जगणाऱ्या घरात मुलाला लेखणी लवकर मिळे. पाचव्या वर्षी पाटीपूजन, मग धूळपाटीवर बोट, मग पाटीवर पेन्सिल आणि हात बसल्यावर कागदावर बोरू. बोरू तासून देणे हे वडिलांचे किंवा काकांचे काम. तो नीट तिरका कापला गेला नाही तर मोडीचे वळण बिघडते, आणि वळण बिघडले तर घराण्याचे नाव जाते अशी समजूत होती. दिवेलागणीस हातपाय धुऊन सर्व मुलांनी एका रांगेत बसावे आणि परवचा म्हणावी. शुभंकरोति झाले की पाढे, पाढे झाले की पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, औटकी. औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा. आज गणिताच्या पदवीधरासही तो येत नाही, आणि यावा असा आमचा आग्रहही नाही. परंतु खंडी, मण आणि पायली यांच्या हिशोबात ज्याचा जन्म जावयाचा त्याला हे तोंडपाठ असणे म्हणजे हातात हत्यार असणे होय. कुळाने आणलेल्या भाताचे माप आणि त्याचा हिशोब दहा वर्षांचा मुलगा तोंडी करी, आणि आजोबा मिशीत हसत.

येथे एक बारीक गोष्ट नमूद करावीशी वाटते, कारण ती आपल्या स्त्रियांच्या शिक्षणाविषयी बोलताना नेहमी सुटते. आपल्या घरांतील पुष्कळ आजींना वाचता येत असे. चातुर्मासात दुपारी शेजारणी जमल्या म्हणजे शिवलीलामृत किंवा पांडवप्रताप वाचून दाखविणारी एखादी आजी बहुतेक आळीत असे. पण हे वाचणे बाळबोधीचे. मोडी तिला शिकविलेली नसे. घरातील सर्व व्यवहार, खते, कुळांची खाती, भावाभावांतील वाटण्या मोडीत लिहिलेल्या. म्हणजे देवाची पोथी बाईच्या हाती आणि दौलतीचा कागद पुरुषाच्या हाती. हा भेद कोणी ठरवून केला असेल असे आम्हांस वाटत नाही, पण विधवा झालेल्या कित्येक बायकांना आपल्या हक्काचा कागद दुसऱ्याकडून वाचून घ्यावा लागे, आणि वाचणारा बहुधा तोच दीर असे ज्याच्याशी वाटणीचा वाद होता. जुन्या शिक्षणाचे गोडवे गाताना एवढे आठवावे.

आता थोडे ऋतूंविषयी. महाड-पोलादपूरकडे शंभर इंचांहून अधिक पाऊस पडतो, म्हणून येथील वर्ष पंचांगाप्रमाणे चैत्रापासून नव्हे तर आगोटीपासून सुरू होते असे म्हटले तरी चालेल. मे महिन्याच्या अखेरीस घरात जी धांदल उडे ती लग्नघराच्या तोडीची असे. लाकूडफाटा पडवीत रचावयाचा, गवत शाकारून घ्यावयाचे, कौले परतावयाची. सुके बोंबील, सोडे आणि सुकट उन्हे दाखवून डब्यात भरावयाची. आमसुले, कुळीथ, पापड, फणसाची साठे. बोट बंद, बाजार अर्धा बंद, तेव्हा चार महिन्यांची बेगमी घरातच हवी. आपल्या ज्ञातीच्या जिभेबद्दल इतर लोक थट्टा करतात, ती करोत. पण बाहेर सावित्री दुथडी भरून वाहत असताना चुलीवर सोड्यांची खिचडी शिजत असावी आणि तिचा वास माळ्यापर्यंत चढावा, यासारखे सुख आम्ही तरी पुढे मोठमोठ्या शहरांतही पाहिले नाही.

श्रावणात मासळी वर्ज्य. मग वालांचे राज्य. भात कापल्यावर त्याच शेतात जमिनीच्या ओलीवर वाल होतात. ते साठवून ठेवलेले कडवे वाल भिजवावयाचे, फडक्यात बांधून मोड आणावयाचे आणि मग घरातील सर्व मंडळींनी गोल बसून ते सोलावयाचे. बिरडे ज्याने नुसते खाल्ले आहे त्याला त्याची अर्धीच गोडी कळली. ते सोलताना ज्या गोष्टी निघत, ज्या नात्यांचा उलगडा होई, जी लग्ने जमत आणि मोडत, ती उरलेली अर्धी. गोकुळाष्टमी झाली की गणपतीची वाट. गौरीला आपल्याकडे कित्येक घरांत तिखटाचा, मासळीमटणाचा नैवेद्य असतो, हे देशावरच्या सोयरिकांना प्रथम ऐकून धक्का बसे. माहेरवाशिणीस आवडते ते करावे, एवढेच आमच्या आजी उत्तर देत. बाल्यानाच घेऊन खालच्या वाड्यांतील कुणबी मंडळी अंगणात येत, घुंगरांच्या ठेक्यावर शेणाने सारवलेले अंगण उखडून जाई, आणि दुसऱ्या दिवशी ते पुन्हा सारवावयाचे काम कोणाकडे असे हे सांगावयास नको.

दिवाळी म्हणजे खाजाचे कानवले. ते ज्या सुनेला जमले तिचे माहेर चांगले, असा एक अन्यायी पण पक्का निकष होता. थंडीत वालाच्या शेंगा भरल्या की पोपटी लागे. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला घालावा, शेंगा भराव्या, मीठ-ओवा टाकावा, वर पुन्हा पाला दाबून मडके पालथे घालावे आणि भोवती जाळ करावा. पाण्याचा थेंब न घालता शेंगा शिजतात. यात वडिलधाऱ्यांचा हात नसे. ही मुलांची आणि गड्यांची मेजवानी, आणि बहुधा हा एकच प्रसंग असा की खोताचा मुलगा आणि कुळाचा मुलगा एका जाळाभोवती बसत. तोही कोणते कूळ त्यावर अवलंबून. सावित्रीकाठी सव येथे ऊन पाण्याचे झरे आहेत. माघातल्या थंडीत तेथे स्नानास जाणे ही सहलच असे. पुढे महाशिवरात्र आली की वीरेश्वराचा छबिना. विन्हेऱ्याच्या झोलाईसह भोवतालच्या ग्रामदेवता भेटीस येत, उंच काठ्या नाचविल्या जात, रात्रभर महाड जागे राही. मग शिमगा, मग करवंदे, मग आंबा आणि फणस, आणि पुन्हा आगोट.

नाटकाचे वेड हाही एक ऋतूच मानावा लागेल. मराठी रंगभूमीवर गाजलेले नट-नाटककार यशवंतराव टिपणीस महाडचे. 1904 साली निघालेल्या महाराष्ट्र नाटक मंडळीच्या संस्थापकांत ते होते. खाडिलकरांचे ‘कीचकवध’ 1907 साली याच मंडळीने रंगभूमीवर आणले, आणि पुढे 1910 मध्ये सरकारने त्यावर बंदी घातली. यशवंतरावांनी स्वतः ‘शिक्काकट्यार’, ‘नेकजात मराठा’ अशी नाटके लिहिली. मुंबई-पुण्याच्या रंगभूमीवर महाडच्या माणसाचे नाव गाजते आहे हे ऐकून आपल्या आळ्यांतील तरुणांनी गणेशोत्सवात काय काय पराक्रम केले असतील, याची कल्पना ज्याने कधी लुगडे नेसून स्त्रीपार्ट केला आहे त्याने करावी. पोलादपुराकडे नाटकाचे वारे उशिरा पोहोचले. तेथे कविता मात्र आधीच होती. शिवभारताचा कर्ता कवींद्र परमानंद याची समाधी पोलादपुरातच दाखवितात, आणि जवळच्या उमरठला तानाजी मालुसऱ्यांची. शाळेची सहल उमरठास जाई तेव्हा पोवाडा म्हटला जाई. गांधारपाल्याच्या बौद्ध लेण्यांत गेलो तर डबे खाऊन परत येत असू. तेथल्या एका शिलालेखात विष्णुपालित नावाच्या राजपुत्राने दिलेल्या दानाची नोंद आहे, हे आम्हांस पन्नाशी उलटल्यावर पुस्तकात वाचून कळले.

इतका वेळ आम्ही सुखाचे वर्णन केले. आता पाणवठ्याकडे वळू.

महाडास नदीचे पाणी उन्हाळ्यात भरवशाचे नसे, कारण भरतीबरोबर खाडीचे खारे पाणी वर चढे. म्हणून गोड्या पाण्याच्या तळ्याचे महत्त्व मोठे. चवदार तळे हे चार-पाच एकरांचे. पावसाचे पाणी आणि काही जिवंत झरे यांवर ते भरते. चारी बाजूंस नगरपालिकेचे रस्ते आणि त्यांपलीकडे सवर्णांची घरे. गुरे त्या पाण्यास तोंड लावीत, मुसलमान शेजारी पाणी नेत. अस्पृश्य मानलेल्या माणसाने मात्र ओंजळ बुडवावयाची नाही. आपल्या माजघरातील हंडे त्याच पाण्याने भरलेले असत, आणि वर सांगितलेले वाल त्याच पाण्यात भिजत.

पाटीचेही तसेच होते. महाडजवळच्या लाडवलीचा रामचंद्र बाबाजी मोरे नावाचा एक हुशार मुलगा 1914 च्या सुमारास शिष्यवृत्ती मिळवून महाडच्या इंग्रजी शाळेत आला, तेव्हा त्याला प्रवेश नाकारण्यात आला. त्या अकरा वर्षांच्या मुलाने वर्तमानपत्रास पत्र लिहिले. पत्र छापून आले, शाळेला प्रवेश द्यावा लागला, पण बसावयास जागा मिळाली ती वर्गाबाहेर. तो खिडकीतून शिकला. आत बसलेल्या मुलांत आपली मुले असलीच पाहिजेत. आम्ही बोरूचे वळण, परवचा आणि औटकी यांचे एवढे वर्णन केले. त्या मुलापाशी यांतले काय नव्हते? लेखणीचे मोल ज्यांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक, त्यांना खिडकीबाहेरची ती लेखणी दिसली नसेल असे कसे म्हणावे? हाच मुलगा पुढे कॉ. आर. बी. मोरे या नावाने प्रसिद्धीस आला आणि महाडच्या परिषदेचा एक मुख्य संयोजक झाला.

4 ऑगस्ट 1923 रोजी सीताराम केशव बोले यांनी मुंबई विधिमंडळात ठराव मांडून संमत करून घेतला, की सरकारी पैशाने बांधलेले किंवा सार्वजनिक संस्थांच्या ताब्यातील पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा अस्पृश्यांस खुल्या असाव्यात. महाडच्या नगरपालिकेने जानेवारी 1924 मध्ये त्यास अनुसरून आपले तळे खुले असल्याचा ठराव केला. या कामी पुढाकार घेणारे सुरेंद्रनाथ गोविंद टिपणीस, महाडात ज्यांना सुरबानाना म्हणत, ते आपल्या ज्ञातीचे. ठराव झाला, पण तळ्यावर कोणी पाणी भरावयास धजले नाही. कागदावरचा हक्क म्हणजे काय हे आपल्या इतके कोणाला ठाऊक!

19 व 20 मार्च 1927 रोजी महाडात कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. अध्यक्ष डॉ. भीमराव आंबेडकर. हजारो माणसे जमली, आणि त्या जमावाला पिण्यासाठी सवर्णांकडून चाळीस रुपयांचे पाणी विकत घ्यावे लागले. 1927 सालचे चाळीस रुपये. एखाद्या कारकुनाचा महिन्याचा पगार. दुसऱ्या दिवशी परिषद आटोपत असता अनंत विनायक चित्रे, तेही आपल्याच ज्ञातीचे, उठले आणि नगरपालिकेचा ठराव आता अमलात आणू या, तळ्याकडे चलू या, असे त्यांनी सुचविले. सर्व समुदाय शांतपणे रांगेने तळ्यावर गेला. डॉ. आंबेडकरांनी ओंजळीने पाणी प्याले, आणि त्यांच्यामागून इतरांनी. परत मंडपात जाऊन मंडळी जेवावयास बसली तेव्हा गावात हूल उठविण्यात आली की, हे लोक आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार. लाठ्याकाठ्या घेऊन जमाव मंडपावर चालून गेला. जेवणाऱ्यांची अन्ने मातीत मिळाली, कित्येक जबर जखमी झाले. काहींना मुसलमान कुटुंबांनी घरात घेऊन वाचविले. मागाहून तळ्याची शुद्धी करण्यात आली; दही, दूध, गोमूत्र, शेण यांच्या 108 घागरी पाण्यात ओतल्या गेल्या. त्याच वर्षी ऑगस्टात नगरपालिकेने आपला 1924 चा ठराव मागे घेतला.

डिसेंबरात पुन्हा परिषद ठरली. या वेळी मंडपास जागा मिळेना, तेव्हा फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थांनी आपली जमीन दिली. डॉ. आंबेडकर मुंबईहून आले ते आमच्या आजोबांच्या त्याच जलमार्गाने. दासगावी उतरले आणि सहकाऱ्यांसह तेथून पाच मैल चालत महाडास आले. 25 डिसेंबर 1927 रोजी मनुस्मृतीचे दहन झाले. तळ्याबाबत विरोधकांनी दिवाणी दावा लावून मनाई हुकूम मिळविला होता, म्हणून त्या वेळी पाणी न भरता कायद्याची वाट धरण्यात आली. ती वाट लांब निघाली. 17 मार्च 1937 रोजी मुंबई उच्च न्यायालयाने अखेरचा निकाल अस्पृश्यांच्या बाजूने दिला. ओंजळभर पाण्यास दहा वर्षे लागली.

सुरबानाना आणि अनंतराव यांच्या नावांवर आज आपण टाळ्या वाजवितो, त्यांच्या तसबिरी सभागृहात लावतो. त्यास आमचा विरोध नाही. परंतु दोन माणसांचे धैर्य हे सगळ्या ज्ञातीचे धैर्य म्हणून मिरविणे आम्हांस प्रामाणिकपणाचे वाटत नाही. तळ्याकाठच्या घरांची दारे त्या 20 मार्चला उघडली नाहीत. या संबंधात आमच्या मनात वारंवार येते ती ग्रामण्याची गोष्ट. पेशवाईत आपल्या ज्ञातीस वेदोक्त कर्माचा अधिकार नाही म्हणून ग्रामण्ये माजविली गेली, बहिष्कार घातले गेले. प्रबोधनकार ठाकरे यांनी ‘ग्रामण्यांचा साद्यंत इतिहास’ लिहून ती सारी हकिगत मांडली. त्या अपमानाची आठवण आपल्या घरांत तीन-चार पिढ्या तिखट होती. मंत्र कानी पडू नये म्हणून ज्यांना दूर लोटले, त्यांना पाणी हाती लागू नये म्हणून दूर लोटलेला माणूस ओळखू यावयास हवा होता. टिपणीस-चित्र्यांना तो ओळखू आला. इतरांना का नाही, याचे उत्तर आम्हांस खोतीच्या कागदात सापडते.

कारण पाण्याचा प्रश्न पुढे लवकरच जमिनीवर आला. 1937 च्या निवडणुकीत टिपणीस आणि चित्रे दोघेही डॉ. आंबेडकरांच्या स्वतंत्र मजूर पक्षातर्फे विधिमंडळात निवडून गेले, आणि त्याच वर्षी डॉ. आंबेडकरांनी खोती रद्द करण्याचे विधेयक मांडले. ते तेव्हा संमत झाले नाही. तिकडे अलिबागेजवळ चरीच्या शेतकऱ्यांनी 1933 पासून सहा वर्षे खोतांची शेते न लावण्याचा संप चालविला होता. ज्या घरांत भाताच्या मापाचा हिशोब मुलगा तोंडी करी, त्या घरांत आपल्याच दोन माणसांविषयी काय बोलले जात असेल! लहानपणी आमच्या कानांवर त्यातले काही शब्द आले आहेत. ते येथे लिहिण्यासारखे नाहीत. खोती गेली ती स्वातंत्र्यानंतर, 1949 च्या कायद्याने. मागोमाग परगणा व कुलकर्णी वतने 1950 च्या कायद्याने गेली, आणि 1 एप्रिल 1957 रोजी कसणाऱ्यास जमिनीचा मालक मानण्यात आले. माळ्यावरची दप्तरे रातोरात रद्दी झाली.

त्या दिवसांचे रडगाणे आपल्या स्मरणिकांतून पुष्कळ झाले आहे. आमच्या मते जमीन गेली म्हणून आपली माणसे बुडाली नाहीत. जी परवचा, जो बोरू हाती होता, त्यावर ती तगली. मुंबई, ठाणे, पुणे येथील कचेऱ्या, बँका, शाळा, रेल्वे यांत ती शिरली. नात्याच्या देशमुख घराण्यात 14 जानेवारी 1896 रोजी जन्मलेल्या चिंतामणरावांनी 1912 मध्ये मॅट्रिकला पहिले येऊन जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळविली, तो रस्ता आता सर्वांचाच झाला. (रिझर्व्ह बँकेच्या त्या पहिल्या भारतीय गव्हर्नरांच्या ज्ञातीची, 1915 पासून चालत आलेली सी. के. पी. सहकारी बँक त्याच रिझर्व्ह बँकेने परवाना काढून 2020 साली बंद केली. इतिहासाला विनोद कळतो तो असा.) कूळ मात्र जमिनीचे मालक होऊनही पोलादपुराच्या डोंगरात नाचणी-वरीवर पोट भरेना म्हणून गिरणीत गेले, आणि 1982 च्या संपानंतर त्यांच्या पुष्कळांच्या हाती ना गिरणी ना गाव, अशी स्थिती आली. त्यांना बोरू कोणी दिला नव्हता.

आणि शिक्षणाची एक गोष्ट राहिली. 1961 पर्यंत महाडच्या मुलाला मॅट्रिकनंतर गाव सोडण्यावाचून गत्यंतर नव्हते. ज्यांचे मुंबई-पुण्यास नातेवाईक, त्यांची मुले शिकली. मुलींना तर बहुतेक घरांत पाठवीतच नसत. 1961 साली पीपल्स एज्युकेशन सोसायटीने, म्हणजे डॉ. आंबेडकरांनी 1945 साली स्थापन केलेल्या संस्थेने, महाडास महाविद्यालय काढले. त्याला नाव डॉ. आंबेडकरांचे. गावातच सोय झाली तेव्हा आपल्या आळ्यांतील ज्या मुलींना बोटीने किंवा मोटारीने पाठविण्यास घरचे धजत नव्हते, त्यांतील काही पायी चालत कॉलेजात जाऊ लागल्या आणि पदवीधर होऊन बाहेर पडल्या. मोडी न शिकविलेल्या आजींच्या या नाती. आमच्या घरातली एक त्यांत होती. ज्यांना आपण खिडकीबाहेर बसविले, त्यांनी काढलेल्या वर्गात ती पहिल्या बाकावर बसली, आणि कोणी तिला उठ म्हटले नाही.

आज आळ्यांतील घरे थोडी उरली आहेत. बोट कधीच बंद झाली. 1993 साली कोकण रेल्वे वीरपर्यंत आली, पण महाड बाजूलाच राहिले. सावित्रीवरचा 1928 चा दगडी पूल 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री पुरात कोसळला आणि माणसांनी भरलेल्या गाड्या घेऊन गेला. सावित्री-गांधारीचे पूर महाडास नवे नाहीत. जुनी घरे उंच जोत्यावर आणि माळा घेऊन बांधलेली ती त्याचसाठी. आमच्या लहानपणी पाणी पायरीस लागले की मुले ओटीवरून कागदी नावा सोडीत, आणि आजी निमूटपणे पीठमिठाचे डबे वर चढवी. पण 25 जुलै 2005 च्या दरडींनी दासगाव, जुई, कोंडिवते येथील घरे गिळली, आणि 22 जुलै 2021 रोजी तळियेवर डोंगर आला तेव्हा महाडच्या बाजारपेठेत पाणी पहिल्या मजल्याशी भिडले होते. त्या पुरास कोणी सुखाचा ऋतू म्हणणार नाही.

त्या पुरात आपल्या काही घरांतील मोडी दप्तरेही भिजली. चिखलातून काढलेले एक रुमाल-दप्तर आम्ही स्वतः उन्हात पसरून वाळविले. शाई बहुतेक टिकली होती, कारण जुनी काजळाची शाई सहजी धुऊन जात नाही. त्यात कुळांची नावे आहेत, कोणाकडून किती खंडी यावयाचे ते आहे, एका विधवेच्या निर्वाहाची तोड आहे, आणि तळ्यावरून घरी पाणी आणणाऱ्या बाईस वर्षाला किती भात द्यावयाचे त्याचीही नोंद आहे. ज्या ज्या सभासदांच्या घरी अशी दप्तरे असतील त्यांनी ती मंडळाच्या कार्यालयात आणून द्यावीत. मोडी वाचणारे आता थोडेच राहिले आहेत, तरी आम्ही दर रविवारी दुपारी बसतो. येताना दप्तर प्लॅस्टिकमध्ये गुंडाळू नये, सुती कापडातच आणावे. आणि शक्य तर आगोटीपूर्वी.